स्केचबुके दिली, पण कशी दिली? सांगलीतल्या एका संग्रहाचे प्रकरण

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन लोखंडी कपाटांत आणि एका लाकडी पेटाऱ्यात चारेकशे स्केचबुके होती. आता ती चार ठिकाणी विखुरली आहेत, आणि काहींचा लगदा झाला. हे २०१९च्या महापुरामुळे झाले असे शहरात सांगतात. महापुराने नुकसान केले हे खरेच, पण पाणी ओसरल्यावर या वह्यांचे काय करायचे हे ठरवायला जो वेळ गेला, त्याने केलेले नुकसान मला जास्त वाटते. तो वेळ का गेला, हा या प्रकरणाचा विषय आहे. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

संग्रह कसा जमला

संग्रह एका मंडळाचा, आणि मंडळ चित्रकला शिक्षकांचे. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून हायस्कुलात लागलेले, वर्षभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून स्थिरचित्रे आणि संकल्पचित्रे करून घेणारे ड्रॉइंगचे सर. रविवारी सकाळी ते स्वतःसाठी चित्रे काढायला बाहेर पडत. कृष्णेचा घाट, हरिपूरचा संगमेश्वर, मिरजेची सतारमेकर गल्ली, दंडोबाचा डोंगर, आणि पावसाळ्यात गणपती मंदिराचा आडोसा. त्यातल्या एका सरांचे निधन झाले. त्यांच्या घरच्यांनी रद्दीत काढलेल्या वह्या मंडळाच्या कार्यवाहांनी उचलून आणल्या. सुरुवात ही एवढीच. मग जो तो आपापल्या भरलेल्या वह्या आणून ठेवू लागला.

पुढे शिक्षकांपलीकडची माणसेही आली, आणि माझ्या मते संग्रहाची खरी किंमत तिथे वाढली. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर आले. फ्लेक्सने त्यांचे काम गेल्यावर अक्षरांचे कच्चे आराखडे घरात ठेवण्यात कुणाला रस राहिला नव्हता. चौकटीच्या वहीवर बॉलपेनने आखलेले 'किराणा व भुसार', 'आडत दुकान', 'हळद व बेदाणा व्यापारी'. एकच शब्द पाच वळणांत, कडेला गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या वळणावर बरोबरची खूण आणि खाली फुटाचा भाव. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका कारागिराच्या वह्या होत्या. महाल, जंगल, रस्ता असे नेहमीचे देखावे, आणि प्रत्येकाखाली कोणता रंग किती लागेल याचा हिशेब. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले म्हणून नाट्यपंढरीचा अभिमान मिरवणाऱ्या गावात पडदे रंगवणाऱ्याची वही कुणी मागून घेतली नव्हती. मिरजेच्या एका वाद्यकारागिराकडून तंबोऱ्यावरच्या वेलबुट्टीचे नमुने आले, तेही बटर पेपरवर.

असे संग्रह जगात इतरत्रही झाले आहेत. अमेरिकेत २००६ साली अटलांटात सुरू होऊन पुढे ब्रुकलिनला गेलेला स्केचबुकांचा उपक्रम त्यातला सर्वांत गाजलेला. कुणीही वही भरून पाठवावी, ती तिथल्या फळीवर लागे. शंभराहून जास्त देशांतून हजारोंनी वह्या तिथे गेल्या. सांगलीत आकडा लहान, पण अडचणीची जात तीच. देणारे अनेक, ठेवणारा एक, आणि दोघांमध्ये कागद नाही.

जवळच्याच साताऱ्यातले औंधचे उदाहरण याच्या अगदी उलटे आहे. तिथले श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये बांधून घेतले. त्यात रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्प आहे. मालक एक, इमारत एक. म्हणून तो संग्रह एका हातातून दुसऱ्या हातात सरळ गेला आणि आज शासनाकडे आहे. राजाने जमवलेले सांभाळणे सोपे असते. चाळीस-पन्नास मास्तर, पेंटर आणि कारागिरांनी मिळून जमवलेले सांभाळायला कायद्याची थोडी जाण लागते, आणि ती आपल्या सांस्कृतिक मंडळांत शेवटच्या रांगेत बसलेली असते.

मंडळाने नोंदवही ठेवली होती आणि ती नीट होती. अनुक्रमांक, वही देणाऱ्याचे नाव, तारीख, पाने, माध्यम. ही वही कायमची दिली की सांभाळायला दिली, यासाठी रकाना नव्हता.

२००५ची रेघ

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला किती?' कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ वर धोका. २००५ला ते ५३ फुटांच्या पुढे गेले. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या पुष्कळ भिंतींवर रंगाने एक रेघ आखली गेली आणि पुढची चौदा वर्षे त्या रेघेने शहराचे नियोजन केले. फ्रीज रेघेच्या वर, इन्व्हर्टर रेघेच्या वर. मंडळानेही लोखंडी कपाटे विटांच्या ओट्यावर चढवून सर्वांत खालचा कप्पा रेघेच्या वीतभर वर आणला. पेटारा मात्र जड म्हणून खालीच राहिला.

ऑगस्ट २०१९ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, म्हणजे रेघेच्या तीन फुटांहून जास्त वर.

कृष्णेचा पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा अंगावर येत नाही, तो दिवसागणिक चढतो. कोयनेतून किती विसर्ग सोडला, वारणेला किती आहे, अलमट्टीत काय चालले आहे, हे सगळे सांगलीकराला तोंडपाठ असते. वह्या हलवायला दोन दिवस तरी मिळाले होते. पण किल्ली कार्यवाहांकडे, आणि कार्यवाहांचे स्वतःचे घरही गावभागात. ते आईला घेऊन नातेवाइकांकडे गेले. त्यांना यात दोष देता येत नाही. किल्ली एकाच्याच खिशात ठेवणाऱ्या व्यवस्थेला देता येतो.

पाणी आठवड्याहून जास्त राहिले. दार उघडले तेव्हा पेटारा तरंगून आडवा झालेला होता. कपाटांचे खालचे दोन कप्पे बुडाले होते, वरचे कोरडे. खालच्या कप्प्यातल्या वह्या पाणी पिऊन इतक्या फुगल्या होत्या की कप्प्यातून ओढून निघेनात. शेवटी कपाटाची बाजू कापावी लागली.

ओल्या वह्यांचे काय केले

प्रकरणाचा हा भाग मला सविस्तर सांगावासा वाटतो, कारण पुढच्या पुरात तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी जे सगळे करतात तेच झाले. वह्या गच्चीवर उन्हात मांडल्या. ऑगस्टचे ऊन ते केवढे, पण तेवढ्यानेही पाने वेडीवाकडी आखडली. गुळगुळीत कागदाच्या वह्या तर वाळताना पानाला पान चिकटून एकसंध ठोकळा झाल्या. त्या कागदाला ओला असेपर्यंतच सोडवता येते, वाळला की संपले. कुणीतरी इस्त्रीही फिरवली. बुरशी तोवर आलेलीच होती. ओला कागद उबदार, दमट हवेत राहिला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, आणि इथे आठवडा उलटून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एका निवृत्त बाईंनी हात धरला. त्यांची मुलगी बाहेरगावी अभिलेखागारात काम करते. तिने फोनवर सांगितले, 'आई, वाळवू नका. गोठवा.' गोठवल्याने कागद बरा होत नाही, पण बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. उणे १८ अंशांच्या आसपासचे तापमान हवे. गावभागात वीज नव्हती. विश्रामबाग उंचावर असल्याने तिकडे होती. तिथल्या एका आइस्क्रीमवाल्याने दोन डीप फ्रीझर मोकळे करून दिले. पुराच्या आठवड्यात आइस्क्रीम कोण खाणार, म्हणून त्याला ते जमलेही.

उरलेल्यांसाठी तासगावकडचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज गाठले. मालकाचा पहिला प्रश्न रास्त होता, 'बुरशी लागलेला माल माझ्या बेदाण्याजवळ ठेवू?' शेवटी एक रिकामी खोली मिळाली. तिथले तापमान गोठणबिंदूच्या वर, म्हणजे बुरशी मंदावते, मरत नाही. तरी गच्चीपेक्षा शंभर पटीने बरे. वह्या बेदाण्याच्याच प्लॅस्टिक क्रेटमध्ये, प्रत्येक वही पातळ प्लॅस्टिकमध्ये सैल गुंडाळून, कणा खाली करून एका रांगेत ठेवल्या. त्याआधी चिखल काढायचा होता. वही मिटलेली धरून स्वच्छ पाण्यात हळू खालीवर करायची, उघडायची नाही, चोळायचे नाही. शहर पाण्यात बुडालेले आणि स्वच्छ पाणी टँकरचे, त्यामुळे दोन बादल्यांवर भागवावे लागले.

पुढे पाच-सहा वह्या बाहेर काढायच्या, थंडपणा जाऊ द्यायचा, दर काही पानांनंतर कोरा न्यूजप्रिंट घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, पंखा लावायचा. छापलेले वर्तमानपत्र वापरायचे नाही, शाई उतरते. कोरा कागद एका छापखान्याने दिला. हे काम दिवाळीपर्यंत चालले.

माध्यमांचा हिशेब मात्र सगळ्यांना चकवून गेला. पेन्सिल जशीच्या तशी राहिली. बॉलपेन टिकले, कारण त्याची शाई तेलकट. म्हणून ज्यांच्या वह्यांना कुणी कला म्हणत नव्हते त्या पेंटरांचे आराखडे सर्वांत सुस्थितीत निघाले. बाटलीतली काळी वॉटरप्रूफ शाई टिकली. फाउंटन पेनची निळी शाई धुऊन गेली, पानावर फिकट आभाळ उरले. पोस्टर कलर सुटून समोरच्या पानावर बसले. सगळ्यांत वाईट गत स्केचपेनची. नव्वदच्या दशकात स्वस्त आणि भडक म्हणून ती फार वापरली गेली होती, आणि त्या वह्यांत ओळखू येण्यासारखे काहीच राहिले नाही. बटर पेपरवरची वेलबुट्टी सुरकुतली, पण वाचता येते. पिना गंजून प्रत्येक वहीच्या मधोमध तपकिरी डाग पडले. पिना काढून दोऱ्याने शिवायला हव्या होत्या, ते निम्म्या वह्यांचेच झाले.

चार दावे

वाळलेल्या वह्या ठेवायला जागा नव्हती, कारण वाड्याचा मालक आता तळमजला द्यायला तयार नव्हता. मंडळात तरुण सभासद नव्हते. सभा बोलावली तेव्हा चार बाजू समोर आल्या.

घरच्यांची पहिली. 'सर, आमच्या आण्णांच्या वह्या द्या की परत. तुमच्याकडं ठेवून भिजल्याच ना?' याला सभेत कुणाकडे उत्तर नव्हते.

शहरातल्या एका कला महाविद्यालयाची दुसरी. त्यांना संग्रह हवा होता, पण निवडून: निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे. पाट्यांचे आराखडे नकोत, पडद्यांच्या वह्या 'बघू'. शिवाय मालकी लेखी हवी.

तिसरी एका सार्वजनिक ग्रंथालयाची. जागा होती, तीही वरच्या मजल्यावर. अडचण दाखल नोंदवहीची. तिथे प्रकाशक लागतो, किंमत लागते, आणि अनुदानाच्या तपासणीत निरीक्षक तेच बघतो. स्केचबुकाला यातले काहीच नसते.

चौथा बाहेरगावचा एक संग्राहक. दिवंगत झालेल्या एकाच चित्रकाराच्या पानांसाठी त्याने पैसे देऊ केले. वह्या नकोत, सुटी पाने हवीत.

सभेतले निम्मे लोक 'संग्रह फोडायचा नाही' यावर ठाम, निम्मे 'ज्याचे त्याला द्या' यावर. दोन्ही बाजू भावनेने बोलत होत्या, आणि दोघांनाही एक साधी गोष्ट माहीत नव्हती. ठरवायचा अधिकार त्या सभेला होता का, हेच पक्के नव्हते.

मंडळ १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले होते. धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा काढला तर त्यावरच्या कार्यकारिणीतले बहुतेक जण हयात नव्हते. निवडणुका झाल्या होत्या, पेढे वाटले गेले होते, पण कार्यकारिणी बदलल्याचे धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, कधी दाखलच केला नव्हता. ही गोष्ट इतक्या संस्थांत सापडते की तिला अपवाद म्हणायला जीभ धजत नाही. कागदोपत्री संस्था मृतांच्या ताब्यात होती. महाविद्यालयाला 'दिले' म्हणून सही कोण करणार?

काहींच्या मनात मंडळ विसर्जित करून वह्या सभासदांत वाटाव्या असे होते. तेही होत नाही. विसर्जनाला तीन पंचमांश सभासदांचा ठराव लागतो, आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडेच जाते.

पण वह्या संस्थेची मालमत्ता होत्या का? चल वस्तूचे दान नुसती वस्तू हातात दिल्यानेही पूर्ण होते, दस्त लागत नाही. सांभाळायला दिलेली वस्तू मात्र देणाऱ्याचीच राहते, मागेल तेव्हा परत करावी लागते आणि वाजवी काळजी घेणे हे ठेवणाऱ्याचे कर्तव्य असते. दोन्हींत कृती एकच: वही आणली, फळीवर ठेवली. फरक देणाऱ्याच्या मनात, आणि मनातले लिहून घेतलेले नव्हते.

या पेचात सव्वा वर्ष गेले. मधे टाळेबंदी आली, कार्यालये बंद. वाळवलेल्या वह्या क्रेटमध्येच एका सभासदाच्या गॅरेजमध्ये होत्या आणि दमट हवेत बुरशीने पुन्हा डोके काढले. पुरातून वाचलेल्यांपैकी काही वह्या अशा गॅरेजमध्ये नासल्या.

तोडगा

मला या कामात यादी करायला बोलावले होते. मी संग्रह फोडण्याच्या बाजूचा नव्हतो, पण एकत्र ठेवण्याचा हट्टही मला पटला नाही. ज्याची देखभाल करायला माणूस नाही तो संग्रह एकत्र ठेवणे म्हणजे तो एकत्र नासवणे.

प्रत्येक वहीसाठी पुरावा शोधायचे ठरले. चित्रकार हयात असेल तर त्यालाच विचारायचे. नसेल तर मंडळाची जुनी पत्रे, वहीच्या पहिल्या पानावरचा मजकूर, इतिवृत्त. 'मंडळास सप्रेम भेट' असे लिहिलेले असेल तर ती भेट, घरच्यांनी कितीही मागितली तरी. काहीच नसेल तर संशयाचा फायदा घरच्यांना. हा शेवटचा नियम सभेत सर्वांत जास्त ओरड होऊन मंजूर झाला, आणि तोच सर्वांत योग्य होता. नोंद नीट न ठेवल्याचा भुर्दंड नोंद न ठेवणाऱ्यानेच सोसायचा.

घरच्यांना तीन मार्ग दिले: वही घेऊन जा, घेऊन जा पण आधी स्कॅन करू द्या, किंवा आता लेखी अटींवर ठेवा. बऱ्याच जणांनी दुसरा मार्ग घेतला. एका कुटुंबाने वह्या नेल्या आणि महिन्याभरात पाने सुटी करून त्याच संग्राहकाला विकली. मंडळात हळहळ झाली. वस्तू त्यांची होती, त्यांनी विकली. हळहळीला इलाज नाही.

महाविद्यालयाने निसर्गचित्रांच्या वह्या नेल्या, तेही बदल अर्जांचा गुंता सुटायला लागल्यावर. ग्रंथालयाने पाट्यांचे आराखडे, पडदे आणि वेलबुट्टी ठेव म्हणून वेगळ्या नोंदवहीत घेतली. दाखल नोंदवहीला हात न लावता हे होऊ शकते हे तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी काढलेले डोके. जुलै २०२१ला आयर्विनपाशी पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर काही पोहोचले नाही.

स्कॅनिंगबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच वह्या आधी मोबाइलच्या अॅपवर 'स्कॅन' झाल्या होत्या. ती अॅप कागद पांढरा दिसावा म्हणून फिकट खुणा उडवतात, आणि पेन्सिलची हलकी रेघ त्यांच्या लेखी खूणच. ते सगळे काम सपाट स्कॅनरवर पुन्हा करावे लागले. दुसरी गोष्ट हक्कांची. कागद ज्याचा, चित्राचा स्वामित्वहक्क त्याचाच असे नसते. तो चित्रकाराचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांचा. सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झाले. ती प्रत सगळ्या जगाला दाखवणे हे वेगळे, त्याला परवानगी लागते. 'सगळे नेटवर टाकून द्या' म्हणणाऱ्यांना हे दरवेळी नव्याने सांगावे लागले.

संग्रह फुटल्याने काय गेले, हे मला यादी करताना दिसले. एका रविवारी सहा जण हरिपूरला गेलेले. सहा वह्या, सहा कोनांतून तोच संगम. एकाने नुसते पाणी काढले, एकाने देऊळ, एकाने बाकीच्या पाचांच्या पाठी. या सहा वह्या आज तीन ठिकाणी आहेत. म्हणून यादी चित्रकारानुसार न करता तारीख आणि जागेनुसार केली, आणि प्रत्येक नोंदीपुढे वही आता कुणाकडे आहे ते लिहिले. यादीची एकेक प्रत महाविद्यालयात, ग्रंथालयात आणि वह्या घरी नेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे आहे. वही हललीच तर कळवायचे असे ठरले आहे. कळवतात असे नाही, पण काही जण कळवतात.

ग्रंथालयाने आता एक पानी फॉर्म केला आहे. दान, ठेव की ठरावीक मुदतीची उसनवार. स्कॅन करायचे का. दाखवायचे का, कुठे. संस्था बंद पडली तर वही कुणाकडे जावी. आणि देणाऱ्यानंतर बोलायचा अधिकार कुणाचा. शेवटच्या रकान्यापाशी वयस्कर मंडळी अडतात. कुणाचे नाव लिहायचे यावरून घरी बोलणे होते, मग फॉर्म दोन-चार आठवड्यांनी येतो. मॅडम तो भरून आल्याशिवाय वही घेत नाहीत, आणि त्यावरून त्यांना बोलणी खावी लागतात.

बेवारस अशा सतरा-अठरा वह्या राहिल्या. नाव नाही, तारीख नाही, नोंदवहीतला अनुक्रमांक पाण्याने गेलेला. त्या अजून मंडळाच्याच नावावर आहेत. शेवटचा बदल अर्ज मंजूर झाला की ठराव करून त्या ग्रंथालयाला द्यायच्या असे ठरले आहे. तोवर त्या निवृत्त बाईंकडे, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर आहेत. किल्ल्या दोघांकडे दिल्या आहेत.